मांडणी कोसळली नव्हती

मंडळी, शेवंतावहिनी, सुजाता, वाड्यातली वडीलधारी माणसं, ठाकूरवाडीहून नि कशेळ्याहून आलेली माणसं, स्टेशनातले गंगारामचे जोडीदार...

मला भाषण येत नाही. माझं टायर पंक्चरचं दुकान आहे, कुंभिवलीला, हायवेवर. ट्रकच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. इथे एवढी माणसं गप्प बसलेली, समोर गंगारामचा फोटो. कोणी पाणी देता का... नको, राहू द्या. एकदा थांबलो तर परत तोंड उघडायचं नाही माझं.

माझं नाव दत्ताराम. दर रविवारी गंगारामकडे येणारा, मागच्या पडवीत टाक्यांपुढे तासन्‌तास बसणारा तो मीच. वाड्यातल्या पोरीबाळी मला मासेवाले काका म्हणतात.

माझ्या आधी चौघे जण बोलले. चांगलं बोलले. स्टेशनातले साहेब म्हणाले, माशांच्या टाक्यांची मांडणी कोसळून डोळा गेला, तरी या माणसानं मासे सोडले नाहीत. गुरुजी म्हणाले, गंगारामनं आयुष्यात कोणावर राग धरला नाही.

मंडळी, मांडणी कोसळली नव्हती. मी पाडली. टामीनं. टायर काढायची लोखंडी टामी असते ना, हातभर लांब, ती. आणि त्याच टामीनं गंगारामचा डोळा मी फोडला.

बसा. बसा रं. ऐकून घ्या आधी. मारायचं असेल तर मारा, मी पळणार नाही. दार तिकडे आहे आणि मी इकडे उभा आहे. पण पहिलं ऐका. वहिनीला विचारून उभा राहिलोय मी. सकाळी म्हटलं, वहिनी, आज मी बोलू का? वहिनी म्हणाली, "बोलायचं तर सगळं बोल. अर्धं बोलून त्यांना देव करू नको, नि सोताला साधू करू नको."

म्हणून सगळं बोलतो.

तुम्हाला गंगाराम माहीत आहे. पण मी कोणाचा डोळा फोडला ते मला माझ्या तोंडानं सांगू द्या. गंगाराम कर्जत स्टेशनात पॉइंट्समन होता. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लागतं, ते आणायचं, रुळांचे सांधे बदलायचे, हे त्याचं काम. त्याचा बाप गावाची झाडलोट करायचा. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, तेव्हा गंगारामनं बापाच्या हातातला झाडू घेतला आणि चुलीत घातला. म्हणाला, आजपासून आपल्या घरात दुसऱ्याच्या दारासाठी झाडू नाय. हे त्यानं मला ओळख झाली त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरलो. मला विसरायला काय जात होतं?

ओळख झाली ती एका टुबीवरून. दुकानात आला आणि म्हणाला, "ट्रकची जुनी टूब हाय का? ठिगळं असली तरी चालतील."

मी म्हटलं, "पोहायला जातोस काय?"

"माशांना हवा द्याला पायजे."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "बघायला ये."

मी गेलो. घरामागे पत्र्याची पडवी. त्यात तीन कप्प्यांची लाकडी मांडणी आणि तिच्यावर काचेच्या अकरा टाक्या. हवा भरलेल्या टुबीतून बारीक नळ्या टाक्यांत सोडलेल्या. पाणी चहाच्या रंगाचं, कारण आत बदामाची सुकी पानं. ते पाणी तो ठाकूरवाडीच्या ओहोळातून कॅन भरून आणायचा. विहिरीच्या पाण्यात ह्यांची अंडी नासतात म्हणायचा.

मासे बोटाच्या दोन पेरांएवढे. सिक्लिड म्हणतात त्यांना, त्यातली ही बुटकी जात. मुंबईच्या एका शेठनं परदेशातून मागवलेली. दोन प्रकार होते. एकाच्या नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी, तो अगासिझी. दुसऱ्याच्या नराच्या पाठीवर काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे काटे उभे, त्याला काकाटू म्हणायचे. नर कोणीही ओळखेल. पण माद्या? दोन्हींच्या माद्या सारख्या. पिवळसर, बारक्या, अंगावर एक काळी रेघ. मला तर सगळ्या सख्ख्या बहिणी वाटल्या.

गंगाराम म्हणाला, "रेघ बघ. अगासिझीच्या मादीची रेघ शेपटीत शिरती, पार टोकाला जाती. काकाटूच्या मादीची शेपटीच्या बुडाशी थांबती, नि पोटाखाली अजून बारीक रेघा असत्यात. पन लगेच बघू नको. जाळीत धरलेली मादी भ्यालेली असती. भ्याली की रंग उडतो, रेघ मोडती, मंग कुनीबी कुनासारखी दिसती. तिला शांत होऊ दे. मंग बघ."

त्याच दिवशी मी आणखी एक बघितलं. खालच्या टाकीत फुटक्या कुंडीच्या खापरीखाली एक मादी पिल्लं घेऊन बसली होती. हळदीसारखी पिवळी झालेली. नर तिच्या दुप्पट. तो नुसता खापरीजवळून गेला, तर ती सुटली. त्याचा कल्ला धरला, हिसडला, सोडला, परत धरला. तो कोपऱ्यात शिरला तर कोपऱ्यात जाऊन फाडला त्याला. गंगारामनं नर बाहेर काढला तेव्हा शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. म्हणाला, "हिला पिल्लं हायत म्हनून हिचं हे. चुकीची जोडी लावली तर पिल्लांचं कारनबी लागत नाय. मारूनच टाकत्यात."

मंडळी, हे मला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा. मला माहीत होतं.

तीन वर्षं त्यानं मला शिकवलं. पहिल्या जोड्या दिल्या, पाणी दिलं, शेठकडे स्वतः घेऊन गेला आणि म्हणाला, हा माझा भाऊ, ह्याचेबी मासे घ्या. मी त्याच्या घरी जेवायचो. वहिनीच्या हातची भाकर, सुकटीची चटणी. तो कुंभिवलीला आला की चहा दुकानात घ्यायचा. घरी मी त्याला कधी नेलं नाही. मी गावकीतला, तो बौद्धवाड्यातला. त्यानंही कधी विचारलं नाही, का रं नेत नाहीस म्हणून. त्याला कळत होतं. आणि त्याला कळतंय हे मला कळत होतं.

मग एका उन्हाळ्यात शेठनं अगासिझीच्या जोड्या मागितल्या. माझ्याकडे अगासिझीचे नर होते, माद्या मेलेल्या. काकाटूच्या माद्या मात्र टाकीभर. मी अगासिझीचा नर आणि काकाटूची मादी अशा जोड्या लावल्या. डब्यात भरल्या. कर्जतच्या फलाटावर गंगाराम भेटला. त्यानं डबा उघडला, खाली बसला, बराच वेळ बघत राहिला.

"दत्तू, ह्या जोड्या नायत."

"असू दे रं. कोणाला कळतंय?"

"माशाला कळतंय."

"शेठला नाही ना कळत!"

"शेठ मासा घेऊन घरी झोपत नाय. ज्याच्या घरी जातील त्याला रगात दिसंल. नेऊ नको."

मी डबा उचलला आणि गाडीत बसलो.

पंधरा दिवसांनी मी परत शेठच्या दुकानात होतो. गंगारामही होता, स्वतःचे मासे घेऊन आलेला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. हातात बरणी, बरणीत मेलेली मादी. तिच्या पोटाला भोक पडलेलं, डोळे टोचून काढलेले. गिऱ्हाईक शेठवर ओरडायला लागलं, तुम्ही जोडी म्हणून दिलीत, चार दिवसांत नरानं हिला ठार मारली. दुकानात बाकीची गिऱ्हाइकं बघतायत. शेठनं बरणी गंगारामपुढे धरली. "तू सांग, ही काय आहे?"

गंगारामनं बरणी उजेडाला धरली. माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच नको म्हटलं. आणि तो म्हणाला, "ही काकाटू. ही त्या नराची नाय."

"कोणाचा माल?"

"ह्याचा."

एवढंच. एक शब्द. खोटं त्याच्यानं बोलवलं नाही.

शेठच्या दोन माणसांनी मला दुकानामागच्या बोळात नेलं. पाण्याच्या जाड नळीनं मारलं. पाठीवर, पायांवर, मग तोंडावर. दात पडला एक. मी खाली पडलो तेव्हा गटाराच्या कडेला गाल टेकलेला, आणि मला गंगारामचे पाय दिसत होते. तो ओरडत होता, "सोडा त्याला, मरंल तो!" एकाला त्यानं मागून मिठी मारून ओढलं. हे मला आज आठवतं. त्या दिवशी मला ते ऐकूच आलं नाही. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, ह्यानं माझं नाव घेतलं. चारचौघांत. ह्यानं.

ह्या "ह्यानं"मध्ये काय होतं, ते मी आज या जागेवर उभा राहून सांगतो. शेठच्या माणसांनी मारलं त्याचा मला राग नव्हता. गंगारामनं मला खाली बघायला लावलं, त्याचा होता. तो माझ्याहून खालचा आहे, असं मी धरून चाललो होतो. त्याची भाकर खाताना धरून चाललो होतो. त्याला भाऊ म्हणताना धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातली टामी उचलली. कर्जतला जाणारा एक टेंपो थांबवला. ड्रायव्हरनं विचारलं, तोंडाला काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

वाडा दुपारचा रिकामा होता. माणसं कामावर, बाया नदीला. मी मागून पडवीत शिरलो. गंगाराम टाकीतली घाण काढत होता. मला बघून उठला. म्हणाला, "बस. लई लागलंय का?"

मी पहिली टाकी फोडली.

काच फुटल्यावर पाणी कसं येतं बघितलंय का तुम्ही? एकदम. पायांवर येतं, मासे पायांवर येतात. मी दुसरी फोडली. तिसरी फोडली. मग मांडणीच्या पायावर घाव घातला, परत घातला, आणि अख्खी मांडणी कलंडली. वरच्या टाक्या खालच्यांवर आल्या. जमिनीवर काचा, चिखल आणि तडफडणारे मासे. मी शिव्या देत होतो. आईवरून दिल्या. मग जातीवरून दिली. तो शब्द मी इथे उच्चारत नाही, तुम्हा सगळ्यांना तो माहीत आहे, तुमच्या बापजाद्यांनी तो ऐकलाय. तो शब्द मी गंगारामला, त्याच्या घरात, टामी हातात घेऊन दिला.

एक टाकी उरली होती. खाली, भिंतीला लागून. तिच्यात पिल्लंवाली मादी होती. गंगाराम तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. हात पसरून. म्हणाला, "दत्तू, ही सोड. हिला पिल्लं हायत."

मी टामी उगारलेली होती. आणि मी ती खाली आणली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी टाकीवर उगारली, तो मध्ये आला. मंडळी, तो मध्ये आला हे मला दिसलं होतं. उभा राहिलेला दिसला. त्याचं तोंड दिसलं. बोललेलं ऐकू आलं. आणि माझा हात थांबला नाही. थांबवायला वेळ होता. मी थांबवला नाही.

आवाज झाला तो... नाही, तो सांगत नाही. वहिनी बसलीय.

वहिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती. ही सुजाता पोटात. ती घरातून धावत आली. गंगाराम गुडघ्यांवर बसला होता, तळहात डोळ्यावर दाबलेला, बोटांतून रक्त कोपरापर्यंत. वहिनीनं पदर काढून त्याच्या तोंडावर दाबला. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. टामी माझ्या हातातून पडली आणि मी पळालो. शेतातून पळालो. एक माणूस तिथे मरतोय की जगतोय हे न बघता मी पळालो.

काचांचा आवाज ऐकून नदीवरच्या बाया आल्या, तेव्हा गंगाराम शुद्धीवर होता. त्यानं सांगितलं, मांडणी कोसळली. दवाखान्यात सांगितलं, मांडणी कोसळली. मुंबईला नेऊन डोळा काढला, तिथे पोलिसानं विचारलं, तिथेही तेच. मांडणी कोसळली.

मी कुंभिवलीत रोज वाट बघायचो. जीप थांबली की टायरांच्या ढिगामागे जायचो. कोणी आलं नाही. महिना गेला, दोन गेले. मग मला बरं वाटायला लागलं. हो, बरं वाटायला लागलं! मी मनाशी ठरवलं, गंगारामनं मला माफ केलं. मोठ्या मनाचा माणूस. आणि त्याच्या मोठ्या मनाच्या आडोशाला मी सुखानं जेवायला लागलो.

तिकडे काय झालं? एका डोळ्याच्या माणसाला सांध्यांवर ठेवत नाहीत. बरोबरच आहे, इंजिनाखाली जाईल तो. त्याला हलकं काम दिलं. फलाट झाडायचं. चुलीत घातलेला झाडू माझ्यामुळे त्याच्या हातात परत आला. मी एकदा लांबून बघितलं. खाली वाकून झाडत होता. एका बाजूचा कचरा दिसत नव्हता, म्हणून सारखी मान वळवत होता. मी दुसऱ्या फलाटावर होतो. पुलावरून न जाता रूळ ओलांडून पळालो.

असे आठ महिने गेले. एके दिवशी दुकानापुढे एसटी थांबली आणि शेवंतावहिनी उतरली. काखेत सुजाता, हातात झाकण लावलेला कॅन. मी जॅक लावत होतो. तिनं कॅन माझ्यापुढे ठेवला.

"ह्यात बेचाळीस माद्या हायत. त्या दिवशी चिखलातून जगल्या त्या नि त्यांच्या पोटच्या. दोन्ही जातींच्या मिसळल्यात. नर आमी वेगळे केले. माद्या ह्यांना आता दिसत नायत. उरलेल्या डोळ्यालाबी पानी येतंय. तू मिसळल्यास, तू वेगळ्या कर."

मी म्हटलं, "वहिनी, मला एवढं येत नाही."

"खोटी जोडी लावताना येत व्हतं."

ती म्हणाली, "आयतवारी ये." कॅन उचलला, पोरगी सावरली आणि रस्ता ओलांडून परतीच्या एसटीची वाट बघत उन्हात उभी राहिली. तासभर. मी तिला बस म्हणू शकलो नाही.

रविवारी गेलो. पडवीत नव्या टाक्या, पाचच. वीट-मातीचा ओटा करून त्यावर ठेवलेल्या. गंगाराम खाटेवर बसला होता. एक पापणी आत ओढलेली. त्यानं मला बस म्हटलं नाही. उठला, कोपऱ्यातून टामी आणली. माझीच टामी. गंज चढू नये म्हणून तेल लावून ठेवलेली.

"डावा हात पाट्यावर ठेव."

अंगणात मसाला वाटायचा पाटा होता. मी हात ठेवला. धाडस म्हणून नाही, मंडळी. पळायचंही धाडस नव्हतं. वहिनी दारात उभी होती. तिनं नको म्हटलं नाही.

त्यानं मारलं. एका डोळ्याचा नेम, म्हणून एक घाव पाट्यावर बसला. दुसरा बोटांवर. ही दोन. बघा, वाकत नाहीत. मी ओरडलो. वासरू ओरडतं तसा. त्यानं टामी भिंतीला टेकवून ठेवली. वहिनीनं चिंधी आणि पाण्याचा तांब्या आणला, आणि माझा हात बांधला.

गंगाराम म्हणाला, "जॅक सटकला म्हनून सांग. नि फिटलं असं समजू नको. उजवा हात हाय ना? कामाला लाग."

आणि मी कामाला लागलो. एका हातानं. डाव्या हातात ठणका लागलेला, आणि उजव्या हातानं एकेक मादी बरणीत घेऊन बघत होतो.

तेव्हापासून दर रविवार. पंधरा वर्षं. सणवार असो, पाऊस असो. तुम्ही सगळे म्हणायचात, काय दोस्ती आहे दोघांची! दोस्ती होती का, मला माहीत नाही. आम्ही माशांशिवाय काही बोललो नाही. तो खाटेवर, मी टाकीपुढे. तो विचारायचा, मी बघून सांगायचो.

"शांत झाली का?"

"झाली."

"रेघ कुठवर?"

"शेपटीत शिरलीय."

"टोकाला गेली का मधीच इरली?"

"मध्येच विरली वाटतं."

"वाटतं नको. बघ."

मी बघायचो. पुन्हा बघायचो. तो म्हणायचा, "आता पोट." मी पोट सांगायचो. मग तो सांगायचा कोणाची ती. मुंबईहून, पुण्याहून लोक मासे पाठवायचे, ह्याचं नाव सांगा म्हणून, ते गुरुजींनी आता सांगितलंच. असं चालायचं ते.

एकदा मी कंटाळून न बघताच सांगितलं. अगासिझी, म्हटलं. जोडी लावली. पुढच्या रविवारी गेलो तर गंगारामनं मेलेली मादी पानावर काढून ठेवली होती. चार दिवस ठेवली होती माझ्यासाठी. वास मारत होती. पाठीचं मांस हाडापर्यंत खाल्लेलं. म्हणाला, "उचल. हात लाव तिला." मी लावला. त्यानंतर मी न बघता कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात तो दवाखान्यात पडला, छातीत पाणी झालं होतं, तेव्हा पुण्याहून एक पार्सल आलं होतं. मी बरणी घेऊन गेलो. एकच मादी. त्यानं डोळा मिटूनच विचारलं, रेघ, शेपटी, पोट, गालावरचा पट्टा. मी सगळं सांगितलं. पट्ट्याचं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "ही दोन्हींतली नाय. ही तिसरीच कायतरी. मला नाय म्हाईत." आणि त्याला एवढा आनंद झाला! ठसका लागेपर्यंत हसला. मला नाय म्हाईत, मला नाय म्हाईत, म्हणून हसला.

तो हसला म्हणून मला धीर आला. पंधरा वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "गंगाराम, माझं नाव का नाही घेतलंस?"

हसू गेलं. तो म्हणाला, "तुला काय वाटलं रं? तुज्यासाठी?"

मी बरणी खाली ठेवली.

"आमची घरं अकरा. तुजं गाव केवढं? पोलिसात तुजं नाव दिलं असतं, तर चार दिसांत तुजी मानसं वाड्यावर आली असती. ती बी टामी घेऊनच आली असती. शेवंता पोटुशी. म्हातारी मानसं, पोरं. मी डोळ्यावर हात दाबून तवाच इचार केला, ह्याचं नाव घ्यायचं तर घरं जळतील. म्हनून गिळलं. रोज गिळलं. फलाट झाडताना गिळलं. तुला माफ केलं म्हनून कुठं सांगू नको."

हे त्याचे शब्द. दत्तू, तुला माफ केलं म्हणून कुठं सांगू नको.

गुरुजी, म्हणून उभा राहिलो. त्यानं कोणावर राग धरला नाही, असं तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात. त्यानं धरला. सोळा वर्षं धरला, आणि त्याचा तो हक्क होता. त्याला सहनशील म्हणून फुलं वाहू नका. त्याला गप्प बसावं लागलं, माझ्यासारख्यांच्या भीतीनं. तो राग त्याच्यापासून आज काढून घेऊ नका, एवढं माझं मागणं आहे.

माझं दुकान कुंभिवलीला आहे, घर त्याच्या मागेच. ज्याला पोलिसात जायचं आहे त्यानं जावं, मी हेच तिथे सांगेन. आमच्या गावातली दोन माणसं मागे बसलीत, त्यांनी ऐकलंय. त्यांनीही जाऊन सांगावं. वाड्याकडे कोणी वाकड्या नजरेनं बघितलं, तर पहिला मी आडवा येईन. ह्यावर तुम्ही विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही. तरी सांगतो.

अजून एक. सकाळी निघताना वहिनी म्हणाली, "दत्तूभावजी, येत्या आयतवारपासून येऊ नको." मी म्हटलं, वहिनी, मासे? ती म्हणाली, "सुजाताला येतंय. तुज्याहून चांगलं येतंय. ते व्हते म्हनून तुला बसू दिलं. आता तुजं बसनं माज्यानं बघवत नाय."

बरोबर आहे. मी येणार नाही.

आता गंगारामसाठी दोन मिनिटं उभे राहू. मी खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो. माझ्याबरोबर उभं राहायचं ज्याच्या जिवावर येईल त्यानं बसून राहावं, त्याचंही बरोबरच आहे.

गंगाराम, जयभीम.